ऑफिसचा प्रिंटर: यूएसबी, वायफाय की वायर?

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीच्या अडतीचं ऑफिस. कॉम्प्युटर तीन, प्रिंटर एक. तो तिघांत वाटायचे तिन्ही प्रकार करून झालेत.

पहिल्यांदा यूएसबीनं दिवाणजींच्या मशीनला जोडून तिथून शेअर केला. खर्च काही नाही. पण दिवाणजी मशीन बंद करून जेवायला गेले की आमची छपाईही जेवायला! शिवाय २०२१ च्या सप्टेंबरातल्या विंडोज अपडेटनंतर अशा शेअर केलेल्या प्रिंटरच्या तक्रारी सगळीकडूनच होत्या.

मग वायफाय. मोबाइलवरूनही पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद) निघायची, खूष होतो. राउटर प्रत्येक यंत्राला आपणहून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, देतो, प्रिंटरला १९२.१६८.१.५ मिळाला आणि कॉम्प्युटरांनी तो धरून ठेवला. ऐन हंगामात दुपारी लाइट गेली. आली तेव्हा ५ नंबर कुणाच्या तरी मोबाइलनं घेतलेला, प्रिंटर ८ वर. कॉम्प्युटर जुन्याच दाराची कडी वाजवतोय, स्क्रीनवर 'ऑफलाइन'. बेळगावकडचा शेतकरी टेम्पो चालू ठेवून उभा. शेवटी दिवाणजींनी कार्बन घालून पट्टी हातानं लिहिली, वर माझ्याकडे एकदा बघितलं.

आता प्रिंटर लॅन वायरनं राउटरला जोडलाय. नुसत्या वायरनं पत्ता पक्का होत नाही, हेही खरं. राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राची कायमची ओळख) टाकून पत्ता राखून ठेवावा लागतो, आम्ही शेवटचा आकडा ५० राखला. तेवढं वायफायवरही जमतं. मात्र लाइट आल्यावर राउटर उठेपर्यंत आमचा प्रिंटर वायफाय शोधून दमायचा आणि गप्प बसायचा. वायरवर तो प्रकार अजून तरी झालेला नाही. एक सांगतो, वायफायचा आणि लॅनचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो. मी आधी वायफायचाच टाकला होता, अर्धा दिवस त्यात गेला. कॉम्प्युटरवरही प्रिंटर नव्यानं घालताना त्याच राखलेल्या पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट निवडा, म्हणजे छपाई थेट त्या पत्त्यावर जाते.

घरी एकच लॅपटॉप असेल तर वायफाय पुरे, भिंतीवरून वायर कशाला न्यायची? पण समोर गिऱ्हाईक उभं राहत असेल तर मी तरी वायरच ओढेन.

प्रिंटरच्या पाठीला चिठ्ठी लावलीय: 'पत्ता ५०. बदलू नये.' खाली दिवाणजींनी तारीख घालून सही केलीय.