ओढ्याकाठचे दोन गुंठे आणि गेलेले १७ लाख

१७,०२,९०० रुपये. घरासाठी घेतलेला ओढ्याकाठचा प्लॉट पूररेषेच्या आत, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं त्या हद्दीत निघाला, त्यात एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले आठ महिने जो भेटतो तो हेच विचारतो आणि मी "गेले बरेच" म्हणून विषय बदलते. आता लाज धरून काही उपयोग नाही. जागेचे १२,५०,०००. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ४३,५००. वकील आणि टायपिंग १२,०००. "पूररेषेचा दाखला" ८५,०००. जोतं आणि तारेचं कुंपण ३,१२,४००. मंगळसूत्र सोडून माझं सगळं सोनं अजून बँकेत गहाण पडून आहे.

गुंठ्यांचे प्लॉट कसे विकतात ते वेगळं सांगायला नको. रस्त्याकडेला फ्लेक्स, रविवारी घरापासून गाडी, "शेवटचे तीनच राहिलेत". तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी असल्यामुळे, दोन गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत होत नव्हतं, म्हणून अकरा जणांच्या नावे २२ गुंठ्यांचं एकच खत केलं. सातबाऱ्यावर अकरा नावं, आणि कोणाचा तुकडा कुठला ते फक्त एजंटच्या रंगीत लेआउटवर. माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव असल्यामुळे शेतजमीन घ्यायला लागणारा शेतकरी दाखला माझ्याकडे होता, म्हणून आमच्या हिश्शाची खरेदी माझ्या नावानं झाली. सही माझी आहे. पुढे जोत्याची नोटीसही माझ्याच नावानं आली.

मी डोळे मिटून पैसे दिले असं कोणी समजू नये. २१ वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, कागद वाचायची सवय आहे. फेरफार काढले, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घेतला. माझा दीर बांधकामावर सुपरवायझर आहे, त्यालाही जागेवर नेलं होतं. सर्च रिपोर्ट स्वच्छ आला. सर्चमध्ये मालकी कळते, बोजा कळतो. पावसात पाणी कुठवर येतं ते त्यात कधीच नसतं, आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

सातबाऱ्यावर मात्र एक ओळ होती. पोटखराब वर्ग (ब), तीन आर, म्हणजे साधारण तीन गुंठे. मी ती वाचली, बोट ठेवून एजंटला विचारलंही. "ते वाटेचं असतं, ताई, सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतं." वर्ग (अ) म्हणजे खडक-खाचरासारखी लागवडीला न येणारी जमीन. वर्ग (ब) म्हणजे सार्वजनिक कामाची किंवा पाण्याच्या प्रवाहाखालची. वाट असू शकते, ओढाही असू शकतो. उताऱ्यावर (ब) दिसलं की गावनकाशा काढा आणि ते क्षेत्र गटात नेमकं कुठे पडतं ते शोधा. मी काढला नाही. तो म्हणाला वाट, मी मानलं वाट.

आता ती बाभूळ. आठ महिने ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

फेब्रुवारी २०२४, दुसरी फेरी. ओढा कोरडा ठणठणीत. मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं, कडेनं सिमेंटचे पाइप गाडून त्यावर माती ओढलेली. "हा ओढा नाही, शेताचा चर आहे. पाइपातून जातं पाणी." प्लॉटच्या कोपऱ्यात एक बाभूळ होती. तिच्या फांद्यांत, माझ्या छातीइतक्या उंचीवर, वाळक्या गवताचे झुबके अडकलेले. मध्ये पोत्याचा तुकडा, दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या. सगळं एकाच दिशेला ओढलेलं, विंचरलेल्या केसांसारखं. मी एक झुबका हातात धरला तर त्यातून वाळलेला गाळ भुरभुर तळहातावर पडला. मी विचारलं, "दादा, हे इतक्या वर कसं आलं हो?"

"वाऱ्यानं, ताई. उन्हाळ्यात इकडे वावटळी लई."

वाऱ्यानं उडून आलेल्या कचऱ्यात गाळ नसतो. गाळ माझ्या हातात होता. मी हात ओढणीला पुसला आणि नळाचं कनेक्शन कधी मिळेल ते विचारलं. नवरा शेजारी उभा होता, दीर शेजारी उभा होता, कोणी एक शब्द बोललं नाही. तिघंही घराचं तोंड कुठल्या दिशेला घ्यायचं ते ठरवत होतो. तेरा वर्षं भाड्याच्या घरात काढली की माणसाला मोकळ्या जागेवर भिंती दिसायला लागतात. त्या झुबक्यांपाशी मी थांबायला हवं होतं. शेजारच्या शेतात एक बाई खुरपत होत्या, त्यांना जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. माझे १७ लाख त्या पाच मिनिटांत गेले. ओढ्याकाठी जागा बघायला जाल तर झाडांच्या फांद्या बघा. आणि माहिती एजंटला नको, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, तीही एजंट गाडीत बसल्यावर.

पूररेषा हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. नदी आमच्या प्लॉटपासून चारशे फुटांवर, मधे ऊस. "नदी कुठे, आपण कुठे!" हे एजंटचं वाक्य मलाही पटलं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आता पाठ झालंय. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधायला परवानगी मिळतच नाही. बाग, मैदान, शेती अशी मोकळी वापराची जागाच चालते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधता येतं, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. पण खरी गोम वेगळीच आहे, ती नीट समजून घ्या. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागे सरतं. त्या फुगवट्यामुळे निळी रेषा नदीकाठानं सरळ जात नाही, ओढ्याच्या तोंडातून जिभेसारखी आत शिरते. नदी चारशे फूट लांब आणि तरी आमचा अख्खा प्लॉट निळ्या रेषेच्या आत. नदीपासूनचं अंतर मोजून निर्धास्त होऊ नका.

मी त्याच्याकडे लेखी मागितलं होतं, हेही सांगते. "दाखला काढून देतो, पण वरचा खर्च तुमचा," असं म्हणून त्यानं ८५,००० रोख घेतले. तीन आठवड्यांत कागद हातात. लेटरहेड, गोल शिक्का, जावक क्रमांक, सही. "सदर गट निळ्या व लाल पूररेषेच्या बाहेर आहे." मी त्याची प्लास्टिक कव्हरमध्ये फाइल केली. वरचे पैसे देऊन दाखला मिळतो हेच चूक आहे, असं आज मला ऐकवतात. मान्य. पण या राज्यात साधा उतारा काढायला गेलं तरी कोणीतरी "वरचा खर्च" म्हणतोच, आणि ऐकवणाऱ्यांतल्या प्रत्येकानं तो कधी ना कधी दिलेला आहे. तरीही सांगते, पूररेषेचा दाखला विकणाऱ्याच्या हातून घेऊ नका. स्वतः अर्ज करा, पोच घ्या, आणि रेषा आखलेला नकाशा गट क्रमांकासह डोळ्यांनी बघा. ग्रामपंचायतीचं "घर बांधण्यास हरकत नाही" हे पत्र बांधकाम परवानगी म्हणून कोणी पुढे केलं तर तिथूनच परत फिरा. रेरा, म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या प्रकल्पांची सरकारी नोंदणी, तिचा क्रमांक विचारल्यावर एजंट म्हणाला होता, "शेतजमिनीला रेरा नसतो." फ्लेक्सवर मात्र ठळक अक्षरांत "बंगलो प्लॉट". शेतजमीन असेल तर बंगला कुठून आणि बंगल्याचा प्लॉट असेल तर रेरा क्रमांक कुठे, हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये जोतं घातलं. मे २०२५ मध्ये टीव्हीवर चिखलीची बातमी लागली. पिंपरी-चिंचवडमध्ये इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानं पाडले. राहते बंगले. लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, तिथेही दिलासा मिळाला नाही. पोकलेनचा दात स्लॅबमध्ये शिरताना बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि फाइल घेऊन निघाले.

पुढे जे झालं त्याचा राग फसवणुकीच्या रागापेक्षा कमी नाही.

दाखल्यावर ज्या कार्यालयाचं नाव होतं तिथल्या लिपिकानं जावक रजिस्टर उघडलं. त्या क्रमांकावर गाडीच्या डिझेल बिलाचं पत्र होतं. मी म्हटलं, हे मला लिहून द्या, एवढ्या एका ओळीवर माझी तक्रार उभी राहील. "असं लिहून देता येत नाही, माहिती अधिकारात मागा." त्यांच्या कार्यालयाचा खोटा शिक्का बाजारात फिरतोय, त्यांच्या साहेबाची खोटी सही फिरतेय, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही! तक्रार त्यांनी करायला हवी होती. अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायद्यात उत्तराला ३० दिवस आहेत. ३४ व्या दिवशी पत्र आलं की विषय दुसऱ्या कार्यालयाचा असल्यानं अर्ज तिकडे वर्ग केला आहे. वर्ग करायचा तर पाच दिवसांत करायचा असतो. ते कलम मी त्यांना वाचून दाखवलं. "मॅडम, तुम्ही अपिलात जा." गेले. सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा मी तिथे पोचल्यावर कळलं.

खत नोंदवणारे म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, जागा बघत नाही. गावपातळीवरचे म्हणाले, आम्ही खतावरून फेरफार धरतो, पूररेषा आमच्याकडे नाही. मोजणीवाले म्हणाले, आम्ही हद्द दाखवतो. ज्यांच्याकडे रेषा आहे ते म्हणाले, आम्ही रेषा आखून नियोजन प्राधिकरणाला दिली, आमचं काम संपलं. ४३,५०० रुपये सरकारनं माझ्याकडून मोजून घेतले तेव्हा कोणालाही हा गट कोणत्या रेषेत आहे हे बघावंसं वाटलं नाही. जोत्याचे फोटो काढून नोटीस चिकटवायला मात्र दोन माणसं गाडी घेऊन आली. एवढं सगळं ऑनलाइन केलंत, तर गट क्रमांक टाकला की खरेदीखताच्या आधी पूररेषेची एक ओळ समोर यावी, इतकंही जमू नये?

पोलीस ठाण्यात पाच फेऱ्या झाल्या. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." खोटा शिक्का मारून, खोटी सही करून पैसे घेणं दिवाणी कसं? जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे. कलम सांगितलं की समोरचा जरा सरळ बसतो एवढंच. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच जपा, त्याशिवाय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येत नाही. माझा अर्ज तिथवर पोचलाय. पण तिथेही माझी एक बाजू लंगडी आहे. १२,५०,००० पैकी खतात आणि बँकेतून ७,२५,०००. उरलेले ५,२५,००० रोख, पावती नाही. "रोख कशाला दिलेत? जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे, तुम्हीही गोत्यात याल," असं मलाच सुनावलं. मीच गुन्हेगार असल्यासारखी मान खाली घालून बसले होते. रोख देऊ नका. रोखीशिवाय व्यवहार होत नाही म्हणाला तर होऊ देऊ नका.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि आम्ही जागेवर गेलो. पाइप तुंबले होते, मुरमाचा भराव वाहून गेला होता. ओढा आपल्या जुन्या वाटेनं आमच्या जोत्यावरून चालला होता, गुडघ्याच्या वर पाणी. बाभळीला नवे झुबके लागलेले. शेजारच्या शेतातल्या त्या बाई बांधावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आमच्या सासऱ्यांच्या काळापासून इथं पाणी येतंय. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की." माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

बाकी दहा जणांपैकी चौघं माझ्याबरोबर तक्रारीत आले. पाच जण फोन उचलत नाहीत. उरलेला एक गेल्या रविवारी घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, बोभाटा नका करू. माझा हिस्सा विकायला काढलाय, गिऱ्हाईक बघून गेलंय, नवीन लग्न झालेलं जोडपं आहे." मी त्याला दारातूनच वाट दाखवली. ते जोडपं कोण, कुठलं, मला माहीत नाही. ओढ्याकाठी अकरा नावांच्या सातबाऱ्यातले दोन गुंठे तुम्हाला कोणी दाखवले असतील, कोपऱ्यात बाभूळ असेल आणि शेजारी कोणाचं तरी अर्धवट जोतं असेल, तर ते जोतं माझं आहे. टोकन देऊ नका.