गरम करून दाखवलेली गाडी : सेकंडहँड मॅन्युअल सेदान घेताना झालेली फसवणूक

गाडी दाखवायला आणली तेव्हा बॉनेट गरम होतं. सहा सिलिंडरची, मागच्या चाकांना जोर देणारी मॅन्युअल सेदान. टेस्ट ड्राइव्हला गिअर लोण्यासारखे पडत होते. गिअरबॉक्सचा आवाज नाही, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) खडखड नाही. "गिअर ऑईल आत्ताच बदललंय," असं विकणाऱ्याने आपणहून सांगितलं. ऑईल खरंच बदललेलं होतं, आणि फसवणूक त्यातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना कर्र असा आवाज झाला. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तोच गिअर पुन्हा निमूट पडू लागला. गिअर ऑईल काढून पाहिलं तर मधासारखी जाड धार पडली. या गिअरबॉक्सला पातळ ऑईल लागतं. बेअरिंगची घरघर दबावी म्हणून त्यात मुद्दाम घट्ट ऑईल भरलं होतं.

ही युक्ती कशी चालते ते नीट समजून घ्या. झिजलेल्या बेअरिंगमध्ये आणि दात्यांच्या फटीत घट्ट ऑईलचा जाड थर बसतो, त्यामुळे आवाज दबतो. पण सिंक्रो रिंगचं (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्याचं) काम नेमकं उलट असतं. गिअरच्या शंकूसारख्या भागावरचा ऑईलचा थर पुसून तिला पकड घ्यायची असते. थर जाड असला की पकड उशिरा येते, दोन्हींचा वेग जुळायच्या आधीच स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती नळी) दात्यांवर आदळते आणि गिअर करकरतो. ऑईल तापून पातळ झालं की हा दोष दिसेनासा होतो. म्हणून गाडी आधी फिरवून, तापवून आणायची. पहिली लबाडी झाकायला दुसरी.

तिसरी इंजिनकडे होती. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनचे धक्के शोषणाऱ्या दोन भागांच्या जड चाकाच्या) आतल्या स्प्रिंगा सैल झाल्या की आयडलला न्यूट्रलमध्ये खडखड येते. आयडल थोडा वाढवला की ती गायब. टॅकोमीटर 700-750 ऐवजी साडेनऊशेवर उभा होता आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. शिवाय फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड) नुकतेच पुसलेले होते. स्कॅनर लावल्यावर कोड एकही नव्हता, पण रेडिनेस मॉनिटर (कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या पुन्हा करते त्या) अपूर्ण होते. आज पुसलेले कोड उद्या-परवा परत येतात, म्हणून कोरा स्कॅन हा कोणताही पुरावा नाही. मॉनिटर पूर्ण आहेत का आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे दोन्ही पाहा.

तेव्हा गाडी बघायला जायच्या आधी एकच अट घाला: आदल्या रात्रीपासून ती सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी परत या. थंड इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला ठेवा आणि ऐका, मग क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर इनपुट शाफ्टचं (इंजिनचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा फ्लायव्हील, दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). चालवताना घरघर एकाच गिअरात असेल तर त्या गिअरचे दाते. सगळ्या गिअरांत असून थेट जोडणीच्या गिअरात (कुठे चौथा, कुठे पाचवा) थांबत असेल तर लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या, समांतर दांड्याची) बेअरिंगं, कारण त्या गिअरात लेशाफ्टवर भार नसतो. तिसऱ्यावरून दुसरा रेस न देता टाकून पाहा, सिंक्रो सगळ्यात आधी तिथेच बोलतात. चौथ्या गिअरात 2000 आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लचप्लेट संपली.

ऑईल बदलताना नेहमी आधी भरायचा प्लग सैल करा. तो अडकला आणि खालून ऑईल सोडून बसलात तर गाडी जागेवरून हलणार नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ करडा लेप असणं ठीक. बोटाला टोचणारे कपचे मिळाले तर बेअरिंग किंवा दाते सुटत आहेत. ऑईल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरा: पिवळी चमक म्हणजे पितळी सिंक्रो झिजताहेत. भरायचं ऑईल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच. एखादा गिअरबॉक्स एटीएफवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पातळ ऑईलवर) चालतो, एखाद्याला 75डब्ल्यू-80 जीएल-4 लागतं (आधीचा आकडा जाडीचा, जीएल हा गिअर ऑईलचा दर्जा). सुबारूच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) त्याच ऑईलमध्ये असल्याने तिथे जीएल-5च हवं. "सगळ्याला चालतं" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या बहुतेक गाड्यांत दीड-दोन लिटर बसतं. गाडी सपाटीवर ठेवून भोकातून बारीक धार परत येईपर्यंत भरा.

खरेदीनंतरची दुसरी फसवणूक गॅरेजमध्ये होते. गिअर बदलताना गचका बसतो म्हटलं की लगेच "क्लच सेट बदला". क्लच घसरत नसेल तर थांबा. आधी क्लचचं हायड्रॉलिक ऑईल पाहा. ते बहुधा ब्रेकच्याच टाकीतून येतं, ओल शोषतं, दोन वर्षांनी बदलायला हवं. काळं झालं असेल तर अर्धा लिटर ताजं डॉट 4 (ब्रेक ऑईल) घेऊन स्लेव्ह सिलिंडरमधली (गिअरबॉक्सकडच्या, क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरमधली) हवा काढली की पेडल सुधारतं. बीएमडब्ल्यूच्या ई39 (5 सिरीज), ई46 (3 सिरीज) गाड्यांत त्या लाइनमध्ये क्लच डिले व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एक बारीक भोकाचा अडथळा. तो पायाच्या वेगाने क्लच सुटू देत नाही आणि दोष चालवणाऱ्याच्या माथी येतो. काढल्यावर फरक लगेच जाणवतो. ॲक्सिलरेटर सोडता-धरताना ठक्क वाजत असेल तर प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याची) रबरी कपलिंग बघा, बोल्टांच्या भोवती तडे दिसतात. मग इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट आणि लिव्हरखालचे बुश. हे सगळं मिळून क्लच सेटच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

गिअरबॉक्स खरोखर उतरवावाच लागला तर इनपुट आणि लेशाफ्टची बेअरिंगं, सिंक्रो, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकाच वेळी करून घ्या. अनेक गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट घट्ट करताना ताणले जाणारे, म्हणजे एकदाच वापरायचे असतात. ते नवेच घालायचे आणि जुने आपल्या हातात मोजून मागून घ्यायचे.