एरोस्पेस आणि मेकॅनिकलची दुहेरी पदवी : सात सेमिस्टरनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात मेकॅनिकल विभागाने माझा समकक्षतेचा अर्ज (एका विभागात शिकलेला विषय दुसऱ्या विभागाने आपल्या विषयाच्या जागी धरावा, अशी विनंती) दोन ओळींत नाकारला, म्हणून हा अनुभव लिहायला बसले आहे. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात मी या दुहेरी पदवीची सात सेमिस्टर पूर्ण केली आहेत. दुहेरी पदवीत दोन स्वतंत्र पदव्या मिळतात, तर डबल मेजरमध्ये पदवी एकच असून मुख्य विषय दोन असतात. आमच्याकडे एका पदवीला १२८ क्रेडिट लागतात आणि दोन्ही मिळून १५८. कागदावर हा फरक दोन सेमिस्टरचा दिसतो, पण तो प्रत्यक्षात किती महाग पडेल हे दोन विभाग एकमेकांचे किती विषय मान्य करतात यावर ठरते, आणि माझे सारे भांडण तेथेच आहे.

ओझरहून उडालेली सुखोई विमाने पाहत मी नाशिकला वाढले, त्यामुळे एरोस्पेसचा हट्ट माझा होता. मेकॅनिकलची जोड बाबांनी सुचवली. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये मी एरोस्पेस विभागाचा असंपीड्य प्रवाहाचा (घनता न बदलणाऱ्या प्रवाहाचा) विषय घेतला. दाब आणि वेग यांचा संबंध सांगणारे बर्नुलीचे समीकरण, सीमास्तर (पृष्ठभागालगतचा मंदावलेल्या प्रवाहाचा पातळ थर), पंखाच्या छेदावरील उचल हे सारे त्यात होते, पण नळीतील प्रवाह नव्हता. तेवढ्या कारणावरून मेकॅनिकल विभागाने तो आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या (द्रव-वायूंच्या यांत्रिकीच्या) जागी धरण्यास नकार दिला, आणि तो विषय मला उन्हाळी सत्रात घ्यावा लागला. नियमित सेमिस्टरमध्ये १२ ते १८ क्रेडिटपर्यंत शुल्क एकच असते, पण उन्हाळी सत्रात प्रत्येक क्रेडिटचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तीन क्रेडिटचे ३३०० डॉलर झाले. शैक्षणिक कर्जाचे व्याज आईबाबा दरमहा नाशिकहून भरतात, म्हणून ही रक्कम मला अजून विसरता आलेली नाही. त्या उन्हाळ्यात मी वर्गात रागानेच बसत होते.

तो राग पुढे टिकला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आमच्या विद्यार्थी गटाच्या छोट्या रॉकेट इंजिनाच्या इंधनवाहिनीची पाण्यावर चाचणी घेतली, तेव्हा प्रवाह हिशेबापेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने कमी भरला. गटातील बहुतेक जण केवळ एरोस्पेसचे होते आणि सर्वांनी सरळ नळीतील घर्षणच मोजले होते. वाहिनीवर एक ग्लोब व्हॉल्व्ह बसवलेला होता. पूर्ण उघडा असतानाही त्याचा तोटा-गुणांक (व्हॉल्व्हमुळे दाब किती घटतो ते सांगणारा आकडा) १० च्या घरात असतो, तर बॉल व्हॉल्व्हचा ०.०५ च्या आसपास. हे कोष्टक मी त्याच उन्हाळ्यात शिकले होते. व्हॉल्व्ह बदलल्यावर प्रवाह हिशेबाच्या अगदी जवळ आला. ज्या विषयासाठी मी अर्जावर अर्ज केले, तो वेगळा शिकवणे योग्यच होते असे आज माझे मत आहे. शुल्काविषयीचे मत मात्र बदललेले नाही.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल एकच गोष्ट दोन विभागांत दोन दृष्टींनी शिकण्यात आहे. विमानाच्या रचनेत सुरक्षा-गुणक १.५ धरतात, म्हणजे वापरात अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने सोसावा लागतो, कारण प्रत्येक जादा किलो आयुष्यभर उचलून न्यावा लागतो. त्याच सेमिस्टरमध्ये मेकॅनिकलच्या वर्गात दाबपात्राच्या (बॉयलरसारख्या दाबाखालील टाकीच्या) पत्र्याची जाडी काढताना ताणशक्तीला ३.५ ने भागायला शिकवतात. पहिले काही आठवडे यांपैकी एक वर्ग चुकीचे सांगतो आहे असेच मला वाटे. नंतर लक्षात आले की १.५ हा आकडा परवडतो तो चाचण्या, तपासण्या आणि देखभालीच्या नोंदी यांच्या बळावर. बॉयलरच्या खोलीत इतकी नजर रोज कोणी ठेवीलच असे नाही. एकच पदवी घेतली असती तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

नोकरीच्या बाबतीत बाबांचे म्हणणे खरे ठरले. येथील एरोस्पेस कंपन्यांची बरीच कामे आयटारच्या, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञानावरील अमेरिकी निर्यात-नियमांखाली येतात, त्यामुळे अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांचे अर्ज पहिल्याच प्रश्नावर अडतात. माझी इंटर्नशिप पंप बनवणाऱ्या कारखान्यात झाली आणि ती मेकॅनिकलमुळे मिळाली. दोन पदव्यांमुळे ओपीटी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणाशी संबंधित काम करण्याची मिळणारी मुदतीची परवानगी, मात्र दुप्पट होत नाही. पदवीच्या पातळीवर १२ महिने आणि वर स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांसाठीचे) २४ एवढेच मिळतात.

आता ज्या अर्जावर नकार आला त्याविषयी. मेकॅनिकलच्या फ्लुइड प्रयोगशाळेचे एक क्रेडिट उरले आहे. तिच्या आठ प्रयोगांपैकी पाच मी एरोस्पेसच्या प्रयोगशाळेत केलेले आहेत : पिटॉट नळी (प्रवाहाचा वेग मोजणारी), मॅनोमीटर (दाब मोजणारे), सीमास्तराचे मापन, वर्तुळाकार दंडावरील दाब आणि नाका ००१२ या प्रमाणित छेदाच्या पंखाची उचल. शेवटच्या प्रयोगात पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवून मी स्वतः कोन एकेक अंशाने वाढवत नेला. दहा अंशांपर्यंत धागे पृष्ठभागाला लागून सरळ मागे झोपलेले होते. अकराव्याला मागच्या कडेचे थरथरू लागले. बाराव्याला बहुतेक धागे एकदम उठून उलट्या दिशेला वळले आणि तराजूवरील उचलीचा आकडा खाली आला. अनिश्चिततेच्या हिशेबासह हा अहवाल १९ पानांचा झाला. तरीही उत्तर आले ते ‘व्याप्ती अपुरी’. फ्लुइड मेकॅनिक्सच्या वेळी निदान नेमके काय कमी आहे ते सांगितले होते. येथे तेही नाही, आणि हे मला मान्य नाही.

ही वाट धरणाऱ्यांनी पहिल्याच सेमिस्टरमध्ये दोन्ही विभागांकडून मान्य विषयांची यादी ईमेलवर लेखी घ्यावी. सल्लागारांनी तोंडी दिलेला होकार माझ्या काही कामी आला नाही.

सोमवारी मी दुसरा अर्ज पाठवला आहे. सोबत पाचही अहवाल, दोन्ही प्रयोगशाळांचे अभ्यासक्रम आणि प्रयोगांचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे. पुढच्या सेमिस्टरला माझी १८ क्रेडिट आधीच भरलेली आहेत, त्यामुळे हे एकोणिसावे घ्यावे लागले तर आणखी ११०० डॉलर पडतील. उत्तर येईपर्यंत त्या प्रयोगशाळेच्या मंगळवारी सकाळी आठच्या तुकडीत मी जागा धरून ठेवली आहे.