सोनोग्राफीत तीन, वाटीत अडतीस

"अहो, तुमचे खडे वितळले."

हाताला सलाईन लावलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि बायको कानाशी वाकून हे सांगत होती. आदल्या दिवशी आमच्या भागात पाच तास लाईट नव्हती. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागं मी पित्ताच्या खड्यांचा एक डबा जपून ठेवला होता. तिनं तो उघडला तर आत खडा एकही नाही, तळाला हिरवट तेलकट पाणी तेवढं. त्या पाण्यासाठी मी 18,800 रुपये मोजले होते.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत 26 वर्षं लेथवर आहे. जॉब मापात नसला तर तो भंगारात टाकायचा, या शिस्तीत आयुष्य गेलं. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्याची लाज याच गोष्टीमुळं जास्त वाटते.

गेल्या वर्षी एका लग्नात पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या जास्तच झाल्या आणि रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की घामानं बनियन भिजलं. सोनोग्राफीत पित्ताशयात तीन खडे दिसले, 14, 6 आणि 5 मिलिमीटरचे. सर्जन म्हणाले, "खडे नुसते असते आणि त्रास नसता तर मी हात लावा म्हटलं नसतं. पण तुम्हाला दुखलंय, म्हणजे परत दुखणार. दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढून टाकू."

मी घाबरलो. 1984 साली माझ्या वडिलांची हीच पिशवी पोट फाडून काढली होती. त्यांच्या बरगडीखालचा वीतभर व्रण बघत मी मोठा झालो. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिक म्यूहं यांनी केली ती त्याच्या पुढच्या वर्षी, 1985 ला. भारतात ती 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी आणली. आता चार बारीक भोकांवर काम होतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा डोळ्यांपुढं फक्त वडिलांचं पोट होतं.

अशा माणसाला गिऱ्हाईक करायला फार अक्कल लागत नाही. कारखान्यातल्या एकानं नंबर दिला. रविवारी राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये 'लिव्हर-पित्ताशय शुद्धी' शिबिर होतं. तिथला माणूस ना डॉक्टर ना वैद्य, पण सगळे त्याला 'सर' म्हणायचे. टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या, त्यात हिरवे-पिवळे गोळे. "ऑपरेशन म्हणजे टाकी फोडणं. आम्ही टाकी धुतो," असं तो म्हणाला. माझ्यासारख्याला ही भाषा लगेच पटते.

पद्धत अशी. काही दिवस सफरचंदाचा रस, मग एक दिवस उपास, संध्याकाळी 'मॅग्नेशियम क्रिस्टल'चं पाणी, झोपताना ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून घटाघटा प्यायचा, उजव्या कुशीवर पडायचं आणि पहाटे परत ते पाणी. एका किटचे 4,800 रुपये. वर सल्ल्याचे 1,000. बिल मागितलं तर 'सेवा सहयोग' असं छापलेली पावती. मीही ती घडी घालून खिशात टाकली.

ते पाणी इतकं कडू की जिभेवर तासभर चव राहते. रात्रभर पोट गडगडलं, सकाळी अकरा वेळा जावं लागलं. आणि खरंच, हिरवे गोळे तरंगत आले! सांगितल्याप्रमाणं चाळणीत धरून मोजले, अडतीस. बायकोनं नाकाला पदर लावला. मी मात्र माप घ्यायचा व्हर्नियर काढला. सगळ्यात मोठा गोळा 21.4 मिलिमीटर.

आता बघा. सोनोग्राफीत खडे तीन, वाटीत अडतीस. सोनोग्राफीत मोठा 14 चा, वाटीत 21 च्या वर. आणि पित्त आतड्यात येतं ती मुख्य नळी साधारण सहा मिलिमीटरची. सहाच्या बोअरमधून एकवीसचा गोळा काही न मोडता बाहेर पडला, हे कारखान्यातल्या पोरानं सांगितलं असतं तर त्याला मी दिवसभर हसलो असतो. माप घेताना व्हर्नियरचे जबडे गोळ्यात रुतले होते, लोण्यात रुतावे तसे. ते मला दिसलं होतं. तरी मी फोटो काढून 'सरां'ना पाठवला आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्यांचा फोन आला. "हे यकृतातले निघाले. पित्ताशयातले अजून बाकी आहेत. गोळे फ्रीजरमध्ये ठेवा, हवा लागली की खडा मरतो." म्हणजे किट आणखी दोन. शिवाय पोटावर मारायला 'मॅग्नेशियम ऑइल'चा स्प्रे 1,900 रुपयांचा, पाय बुडवून बसायला मीठ 1,500 चं. त्या ऑइलमध्ये तेलाचा थेंब नसतो. मॅग्नेशियम क्लोराईड पाण्यात विरघळवलं की ते बोटाला बुळबुळीत लागतं, म्हणून त्याला ऑइल म्हणायचं.

दुसऱ्या किटच्या वेळी करवीर तालुक्यातल्या गावाहून थोरला भाऊ आला होता. त्यानं पुडी उघडून चिमूटभर तळहातावर घेतलं. "आरं, ह्ये तर मॅग्नेशियम सल्फेट. आपण उसाला टाकतोय की! पंचवीस किलोचं पोतं पडलंय गोठ्यात." पानाच्या हिरव्या रंगाच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं, ते कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं, म्हणून उसाला ते देतात. मी त्याला म्हटलं, "दादा, हे खायचं वेगळं असतंय." तेवढं खरंही आहे, खताचं पोतं कुणी तोंडात घालू नये. पण मूळ पदार्थ एकच, एप्सम सॉल्ट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू झऱ्याच्या पाण्यावरून ते नाव पडलं. जुलाबाचं औषध म्हणून जगाला ते चारशे वर्षं माहीत आहे. आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पोट साफ करतं. माझी सकाळ त्यातच गेली होती.

'सर' अगदीच खोटं बोलत नव्हते, म्हणून तर माझ्यासारखा फसतो. मॅग्नेशियम सल्फेट आतड्यात पोचलं की एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आवळतं आणि नळीच्या तोंडाची झडप सैल पडते. पूर्वी डॉक्टर नळी घालून हेच औषध आतड्यात सोडायचे आणि तपासायला पित्त गोळा करायचे. पण ज्या पिशवीत खडे आहेत ती जोरात पिळली तर काय होईल? मोठा खडा तोंडाशी अडकून बसेल, नाहीतर बारका घसरून नळीत जाईल.

तिसऱ्या किटनंतर चौथ्या दिवशी परत कळ आली, ती पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. मग थंडी वाजून ताप. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं, डोळे पिवळे. 'सरां'ना फोन केला तर म्हणाले, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका, लिंबूपाणी घ्या." मी एक दिवस घेतलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. यातलं काहीही दिसलं तर लिंबूपाणी पीत बसू नका. नळी तुंबून आत पू झाला किंवा स्वादुपिंडाला सूज आली तर माणूस हातचा जातो.

5 मिलिमीटरचा बारका खडा मुख्य नळीत येऊन बसला होता. ईआरसीपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण खाली घालून नळीचं तोंड जरासं कापलं आणि खडा आतड्यात ओढून सोडला. त्या पाण्यामुळंच तो घसरला का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आपोआपही घसरतात. शपथेवर नाही सांगता येणार." मला तो माणूस आवडला.

भाची बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. रात्री ड्युटी संपवून आली, खाटेवर बसली आणि वितळलेल्या खड्यांची गोष्ट ऐकून आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "मामा, तो साबण होता. तुम्ही तेल प्यायलात, पोटातल्या रसानं ते फोडलं, क्षार मिळाले आणि गोळे झाले. पित्तानं हिरवे रंगले." न्यूझीलंडमध्ये एका बाईनं असेच गोळे दवाखान्यात नेले होते. ते तपासले तर खऱ्या पित्तखड्यात असतं ते काहीच त्यात नाही, ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन, ना कॅल्शियम. 40 अंशाला दहा मिनिटांत हिरवं तेल झालं, आणि पाऊण भाग चरबीची आम्लं. हे 2005 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. म्हणजे खडे नसलेल्या माणसालाही तो किट घेतल्यावर खडे 'निघतील'. धंदा बुडायची भीतीच नाही.

तिला हसू आवरलं ते शिबिरातल्या एका म्हाताऱ्या आजींचं सांगितल्यावर. त्यांना साखर होती, किडनीचं औषध चालू होतं, आणि त्याही किट घेऊन गेल्या होत्या. भाची म्हणाली, "हेच औषध आम्ही झटके येणाऱ्या बाळंतिणीला सुईतून देतो. तेव्हा गुडघ्यावर ठोकून बघतो, लघवी मोजतो, श्वास मोजतो, उतारा म्हणून उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ठेवतो. मॅग्नेशियम अंगात साठलं की आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, मग हृदय. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. त्या आजींची टाकणार आहे का?" शिबिरात आम्हाला कुणी किडनीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्या आजींचा पत्ता मी शोधला, पण लागला नाही.

ताप उतरल्यावर पिशवी दुर्बिणीतूनच काढली. तिसऱ्या दिवशी घरी. कुळीथाचं पाणी, पानफुटी वगैरे सांगणारे घरी येऊन जातात, ते मुतखड्याचं आहे, पित्ताच्या खड्याचं नाही, हे आता मीच त्यांना सांगतो. पित्ताचे खडे विरघळवायची गोळी आहे, पण ती बारक्या, कॅल्शियम न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, तीही महिनोन्महिने, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची.

औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा 1954 चा केंद्राचा कायदा आहे. ज्या आजारांवर 'आम्ही बरं करतो' अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत पित्ताचे खडे आहेत, नावानिशी. शिबिराचं पत्रक, पावती, फोनवरचे निरोप, सगळं जोडून मी अर्ज दिलाय. पैसे गेले असतील तर ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर आहे. पावती टाकू नका, 'सेवा सहयोग' लिहिलेली असली तरी.

सर्जननी एका छोट्या बाटलीत माझे दोन खडे दिले. घरी आल्यावर व्हर्नियर लावला. मोठा 13.6. जबडे मिटले तेव्हा टक् असा आवाज आला. लोखंडावर दगड वाजतो तसा.

मग मी 'सरां'ना फोन लावला. डबा वितळल्याचं सांगितलं, पैसे परत मागितले. पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, "पण तुम्ही डबा फ्रीजरबाहेर काढलाच का?"