ओलं पाणमांजर न दिसणारा कॅमेरा ट्रॅप: आठ महिन्यांनंतर

मेगापिक्सेल वगैरे खोक्यावर आहेत, ते सोडतो. मला फक्त सेन्सरबद्दल बोलायचंय: समोरून जनावर गेलं की कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावणारा भाग.

तेरेखोल नदीच्या काठावर पाणमांजरांचा अभ्यास करणाऱ्यांना मी सुट्टीच्या दिवशी मदत करतो. कार्ड बदलायची, ठसे मोजायचे, विष्ठेचे नमुने डबीत भरायचे. परवानगी त्यांची, कॅमेरा माझा, साडेअकरा हजारांचा.

पहिले दोन महिने कार्डावर बगळे, कोल्हे आणि हलणाऱ्या फांद्या. पाणमांजर एकही नाही, आणि ताजे ठसे मात्र बरोबर कॅमेऱ्यासमोरून गेलेले! सेन्सर बिघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवला. तीन आठवड्यांनी ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आला, वर तपासणीचे सहाशे रुपये. वॉरंटीत असताना! ते सहाशे अजून डोक्यात आहेत.

पण सेन्सर खरंच बिघडलेला नव्हता. तो उष्णतेतला फरक टिपतो. पाणमांजराची लव इतकी दाट की तिच्यात हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर येतच नाही. नुकतंच पाण्यातून वर आलेलं जनावर बाहेरून पाण्याइतकंच गार. कॅमेऱ्याच्या लेखी तिथे कुणी नाहीच. खोक्यावरचे ‘२० मीटर’ कोरड्या हरणासाठी असतील. हे माहितीपत्रकात एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

मग कॅमेरा पाण्याच्या कडेवरून काढून वाळूच्या पट्टीवर नेला. तिथे ती लोळून अंग सुकवतात, तिथेच विष्ठा टाकतात: माशांचे खवले, खेकड्यांच्या कवचाचे तुकडे, लांबूनच येणारा उग्र वास. मासेमारी करणाऱ्या एका गाबीत काकांनी बघून सांगितलं, “वायच खाली लाव.” गुडघ्याच्याही खाली आणला. पहाटेच्या ओहोटीला मिनिटाला एक फोटो लावून ठेवला. आठ सेल भराभर संपतात, म्हणून रिचार्जेबल घेतले.

फोटोवर जागेचं नाव उमटतं, ते आधी बंद करा. कातडीसाठी आणि पाळण्यासाठी ही जनावरं पकडतात, म्हणून तर २०१९ साली साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, सगळ्यात कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेली.

गेल्या रविवारचं कार्ड: पहाटे ५:४७, चार पाणमांजरं वाळूत पाठ घासताहेत. सेन्सरने टिपली ती हीच. डाव्या कोपऱ्यात एक ओलंचिंब पिल्लू वर चढतंय. एकटं आलं असतं तर सेन्सरने हा फोटो काढलाच नसता.