सोनं खरं, नाणं खोटं

मी फ्लोरिडात राहतो. इथे वादळ येऊन गेलं की व्हेरो बीच, सेबॅस्टियनच्या किनाऱ्यावर लोक मेटल डिटेक्टर घेऊन पळतात. ३१ जुलै १७१५ च्या पहाटे हवानाहून स्पेनकडे निघालेल्या ताफ्यातली ११ जहाजं चक्रीवादळात इथेच बुडाली. त्यांतलं सोनं-चांदी अजून अधूनमधून वर येतं. या वातावरणात माणूस भुलतो. मीही भुललो.

२०२२ मध्ये एका विक्रेत्याने आठ एस्कुदोचं नाणं दाखवलं. एस्कुदो म्हणजे स्पेनचं जुनं सोन्याचं नाणं. मेक्सिकोच्या टांकसाळीतलं, स्पेनचा राजा पाचव्या फिलिपचं. एका बाजूला राजचिन्हाची ढाल, दुसरीकडे क्रूस, वजन २७ ग्रॅम आणि १७१४ हे साल अगदी पूर्ण. म्हणे त्याचे आजोबा साठच्या दशकात पाणबुडे होते. किंमत ६,००० डॉलर. मी घुटमळलो, तर तोच म्हणाला, "कुठल्याही सराफाकडे तपासून घ्या." इथेच मी गाफील झालो.

ओळखीच्या गुजराती सराफाने मशीनवर धरलं. बावीस कॅरट! जुने एस्कुदो त्याच कसाचे असतात. मी आनंदाने पैसे मोजले.

सराफाने सोनं तपासलं होतं, नाणं नाही. आणि त्यात सोनं होतं जेमतेम दीड हजार डॉलरचं.

महिनाभराने त्याच विक्रेत्याने दुसऱ्या एकाला पाठवलेला फोटो माझ्यापर्यंत आला. तेच नाणं! डावीकडची चीर तीच, खालचा तिरका छाट तोच. माझं तर माझ्या कपाटात होतं.

ही नाणी हाताने घडवायचे. सोन्याचा तुकडा वजनात बसेपर्यंत कडा छाटायच्या आणि ठशावर हातोडा मारायचा. त्यामुळे एकासारखं दुसरं निघत नाही, अक्षरं अर्धी बाहेर जातात, साल तर बहुतेकदा कटतंच. आपल्या शिवराईचंही तेच. लहानपणापासून डबाभर शिवराया जमवलेल्या मला हे सुचू नये? जुळी नाणी निघतात ती साच्यातून. भिंगाखाली कडेला बारीक बुडबुडेही दिसले, ओतकामाचे. ते आधी दिसले असते, पण भिंग काढलं कोणी!

नाण्यांच्या जाणकाराने ते दहा मिनिटांत ओळखलं असतं. त्याची फी वाचवायला गेलो मी.

तक्रार करायची म्हणून पावती शोधली. तिच्यावर ना १७१४, ना मेक्सिको, ना जहाज. फक्त एक ओळ: सोन्याचं नाणं, नग १, बावीस कॅरट, २७ ग्रॅम.