सिग्नल, डिचोलीच्या एका फार्मसीच्या काउंटरवरून

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच. आधी एवढं सांगते की सिग्नल हे मेसेज पाठवायचं ॲप मी गप्पा मारायला वापरत नाही. गोव्यात डिचोलीला आमची फार्मसी आहे. सासऱ्यांनी सुरू केली होती, आता मी आणि एक मदतनीस मुलगी मिळून चालवतो. दुकानाच्या फोनवर दिवसभर येतात ते बहुतेक डॉक्टरच्या चिठ्ठ्यांचे फोटो. मये, पिळगाव, नार्वे, लामगाव, कुठूनही. "बाय, हे काढून ठेव, बुधवारी बाजाराला येईन तेव्हा नेतो." मुलगा लंडनला नाहीतर दुबईला, आई-वडील गावच्या घरी, आणि त्यांच्या प्रेशरच्या गोळ्या संपल्या हे मला कळतं ते मुलाच्या मेसेजवरून. आता यात कुणाला नवल वाटत नाही.

औषधाच्या दुकानात जो कधी उभा राहिलेला नाही, त्याला त्या एका फोटोत काय काय असतं ते चटकन जाणवत नाही. नाव, वय, डॉक्टर, पुष्कळदा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कार्डाचा कोपरा. आजाराचं नाव लिहिलेलं नसलं तरी गोळ्या वाचता येणाऱ्याला ते कळतंच. झोपेच्या गोळ्या कुणाच्या, फिट्सच्या कुणाच्या, लग्न ठरलेल्या कुठल्या मुलीच्या घरी मानसोपचाराची औषधं जातात, हे सगळं माझ्या फोनमध्ये. फोनच्या गॅलरीत म्हणा ना! व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, सेटिंग बदललं नसेल तर, गॅलरीत जाऊन बसतो. भाच्याच्या वाढदिवसाचा केक, चवथीच्या माटोळीचा फोटो आणि मध्येच कुणाची तरी टीबीची चिठ्ठी. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर ती चिठ्ठी पुढे आणखी कुठे पोचते ते वेगळंच.

लोकांनी मात्र हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो जानेवारी २०२१ मध्ये. नवे नियम ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, अशी व्हॉट्सॲपची सूचना प्रत्येकाच्या फोनवर झळकली होती. काउंटरवर येणारा प्रत्येक तिसरा माणूस विचारायचा, "बाय, आता आमच्या गोळ्या फेसबुकला कळणार?" खरं उत्तर जरा लांबलचक होतं, आणि मागे रांग उभी असताना लांबलचक उत्तर कोण ऐकतो? घरच्या माणसांशी होणारं बोलणं पूर्वीसारखंच कुलूपबंद राहणार होतं, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कुणालाच वाचता न येणारं. बदल होता तो मुख्यतः धंद्यांशी होणाऱ्या बोलण्याचा. मोठ्या कंपन्यांना ग्राहकांचे मेसेज साठवायला आणि हाताळायला फेसबुकची यंत्रणा वापरता येणार होती. माझ्यासारखीचं छोट्या दुकानाचं साधं ॲप त्यात येत नव्हतं. पण मीसुद्धा 'धंदा'च की, आणि गिऱ्हाइकाने हा फरक कुठून ओळखायचा? मग वर्तमानपत्रांत व्हॉट्सॲपच्या पानभर जाहिराती आल्या. तारीख पुढे सरकून १५ मे झाली, आणि शेवटी मान्य न करणाऱ्याचं खातं बंद होणार नाही असंही जाहीर झालं. तोवर निम्म्या लोकांनी वैतागून 'मान्य' दाबलं होतं.

मला त्या मजकुरापेक्षा त्यामागचा क्रम खटकला. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेतलं, तेव्हा वापरणाऱ्यांसाठी काही बदलणार नाही असं सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये खात्याची काही माहिती फेसबुकला देण्याचा नियम आला, पण निदान ३० दिवसांत 'जाहिरातींसाठी नको' म्हणायची खिडकी उघडी होती. २०२१ च्या सूचनेत ती खिडकीही नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच 'घ्या नाहीतर सोडा' पद्धतीवर बोट ठेवून मेटाला (फेसबुक कंपनीचंच नवं नाव) २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला, आणि जाहिरातींसाठी माहिती पुढे द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपिलात दंड टिकला, बंदी गेली.

सिग्नल मी त्याच जानेवारीत घेतलं, जगभरच्या गर्दीबरोबर. इलॉन मस्कने ७ तारखेला दोन शब्दांत 'सिग्नल वापरा' म्हटलं आणि इतके लोक धावले की १५ तारखेला सिग्नलच आडवं पडलं. तेव्हा मी ते नुसतं फोनमध्ये ठेवून दिलं होतं. दुकानाच्या कामाला खरं लागलं ते २०२४ पासून, कारण त्या फेब्रुवारीत युजरनेमची सोय आली. खातं उघडायला फोन नंबर अजूनही लागतोच, पण आता समोरच्याला तो दिसायलाच हवा असं नाही. काउंटरच्या काचेवर मी क्यूआर कोड चिकटवलाय. कुणीही तो स्कॅन करून मला चिठ्ठी पाठवू शकतो, आणि त्याचा नंबर माझ्याकडे सेव्ह नसेल तर मला तो दिसत नाही. नाव म्हणून 'माड' असं लिहिलं तरी चालतं. एक गिऱ्हाईक खरोखरच 'माड' या नावाने आहे. कोण ते मला ठाऊक आहे, कारण औषध न्यायला तोच येतो. पण माझ्या मदतनीस मुलीला ठाऊक नाही, आणि ती त्याच्याच वाड्यावरची असल्याने त्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

दुसरी मोठी सोय म्हणजे आपोआप पुसले जाणारे मेसेज. नवं संभाषण सुरू झालं की मी त्याला एक आठवड्याची मुदत लावते. त्यानंतर आलेल्या चिठ्ठीचा फोटो आठवड्याने माझ्याकडूनही जातो, पाठवणाऱ्याकडूनही. ही सोय व्हॉट्सॲपमध्येही आहे, ते नाकारत नाही. पण सिग्नलमध्ये फोटो आपण मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय गॅलरीत जात नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक तिथे आहे. आता मी निर्धास्तपणे भाच्याच्या हातात फोन देते.

दुकानदार मंडळींसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. फोटो पुसला म्हणून कायद्याची नोंद पुसायची नसते. एचवन यादीतल्या, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांना मी फोटोवर हात लावत नाही, मूळ चिठ्ठी समोर लागते. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. तपासायला येणार औषध निरीक्षक.

या वहीमुळेच मला भरवशाचा प्रश्न नीट कळला. वहीत काय लिहायचं, किती वर्षं ठेवायची, कुणाला दाखवायची, हे मी ठरवत नाही. उद्या माझी परिस्थिती बिघडली आणि वहीतली नावं विम्याच्या एजंटला द्यावीत असं मनात आलं, तरी दारावर 'आजपासून आमचे नियम बदलले आहेत' अशी पाटी लावून मला ते करता येणार नाही. ॲपच्या मालकाला मात्र करता येतं. म्हणून आज त्याचे नियम किती चांगले आहेत हे मी फार वाचत बसत नाही. नियम उद्या बदललेच, तर तोवर त्याच्या कपाटात माझं किती साठलेलं असेल, एवढंच बघते.

सिग्नलला मी पास करते ते या कसोटीवर. कुलपाच्या बाबतीत दोघांत फरक नाहीच, कारण व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये मेसेज कुलूपबंद करायला घेतलेली पद्धत सिग्नलवाल्यांचीच आहे. व्हॉट्सॲप मेसेज वाचतं असं मला वाटत नाही, आणि गुडघेदुखीबद्दल लिहिलं की लगेच तेलाची जाहिरात येते, ही काउंटरवरची आवडती गोष्ट मी हसून सोडून देते. पण कोण, कुणाशी, कधी, किती वेळा बोललं, हे तरी थोडं आहे का? डिचोलीत कोण कुठल्या डॉक्टरच्या पायरीवर उभा होता एवढ्यावरून आजार ओळखणारे लोक आहेत, त्यांना चिठ्ठी उघडावी लागत नाही. सिग्नल हे पायरीवरचं बघणंसुद्धा जवळजवळ करत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. द्यायला त्यांच्याकडे दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तो पत्रव्यवहार त्यांनी नंतर उघडही केला.

"मग हे फुकट कसं परवडतं?" हे मला आमच्या घाऊक औषधवाल्याने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन फेसबुक सोडून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर घालून त्यांनी सिग्नल फाउंडेशन उभं केलं. नफ्यासाठी नसलेली संस्था, जाहिराती नाहीत, बरीचशी देणग्यांवर चालणारी. २०२३ च्या शेवटी त्यांनी आपला खर्च मांडला. २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता, आणि खातं उघडताना जो कोडचा एसएमएस येतो त्यावरच तेव्हा वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. देणग्या आटल्या तर काय, ही शंका माझ्याही मनात आहे. संस्था बंद पडू शकते, विकलीही जाऊ शकते, आज तसं काही दिसत नाही एवढंच.

आता कापलेल्या ताऱ्यांकडे येते. पूर्ण एक तारा गेला तो साध्या कारणाने. माणसंच नाहीत! माझ्या गिऱ्हाइकांतली फार थोडी सिग्नलवर आहेत. काही माझ्या आग्रहाने आली, क्यूआर स्कॅन करून एकदा चिठ्ठी पाठवली, आणि पुढच्या महिन्यात परत व्हॉट्सॲपवर. त्यांना दोष देत नाही. जत्रेची कमिटी, मुलांची शाळा, भजनी मंडळ, पंचायतीचा वॉर्ड, सगळं तिकडे असताना एका औषधवालीसाठी वेगळं ॲप कोण उघडणार? वयस्कर माणसांना ते मधूनमधून पिन विचारतं तेही रुचत नाही. विसरू नये म्हणून ती आठवण असते आणि बंदही करता येते, पण पिन म्हटलं की आमचे काका थेट बँकेचा फसवा फोन समजतात, आणि आजकालच्या दिवसांत तसं समजलेलं बरंच.

जे टिकले त्यांच्याकडे बघितलं की गंमत वाटते. खाजगीपणावर तावातावाने बोलणारे नाहीत टिकले. टिकल्या त्या मुख्यतः बायका, ज्यांचा फोन घरात चार जण हाताळतात. त्यांना फेसबुकची भीती कमी आणि जावेची जास्त. बाकी मेटा कुठे माहिती नेते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

पर्याय म्हणून लोक टेलिग्राम सुचवतात. तिथे नेहमीचं बोलणं मुळात टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतंच, त्यासाठी वेगळं गुप्त संभाषण उघडावं लागतं. शिवाय नियम बदलायचे झाले तर तेही बदलतात. संस्थापकाला २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली, त्यानंतर महिनाभरात त्यांनी सरकारी यंत्रणांना फोन नंबर आणि आयपी पत्ते (इंटरनेट कुठल्या जोडणीवरून वापरलं ते) देण्याची तयारी आपल्या धोरणात लिहिली. चिठ्ठ्यांसाठी मी तिकडे जाणार नाही.

व्हॉट्सॲप मी बंद केलेलं नाही, करूही शकत नाही. पण तिथे एक नवी काळजी आलीय, ते निळं गोल वर्तुळ. परवा एका गृहस्थांनी आपल्या पाचही गोळ्यांची नावं त्या मेटा एआयला विचारली होती आणि उत्तर मला दाखवायला घेऊन आले. उत्तर तसं ठीक होतं. पण ते माणसाशी केलेलं बोलणं नव्हे, आणि १६ डिसेंबर २०२५ पासून त्या एआयशी झालेल्या बोलण्याचा उपयोग जाहिराती निवडायला होऊ शकतो, हे मेटानेच जाहीर केलंय. आरोग्यासारखे विषय जाहिरातींसाठी वापरणार नाही असंही म्हटलंय. मी त्यांना म्हटलं, "काका, गोळ्यांचं विचारायचं तर मला विचारा, मी फुकट सांगते."

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात एक कलम मला मनापासून आवडलं. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची मुभा द्यावी लागणार आहे. म्हणजे मराठीही, कोकणीही. निदान एवढ्यावरून तरी गोव्यात भांडण होऊ नये.

उरलेला अर्धा तारा दुकानदार म्हणून कापलाय. सिग्नलला धंद्यासाठीचं वेगळं रूप नाही. मालाची यादी लावता येत नाही, पैसे तिथल्या तिथे घेता येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आपोआप उत्तर जात नाही. आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, गोव्यात असतंच. व्हॉट्सॲपवर तसा निरोप आपोआप जातो. सिग्नलवर मी प्रोफाइलच्या ओळीत 'दुपारी १ ते ४ बंद' लिहून ठेवलंय, पण ती ओळ कुणी उघडून वाचत नाही. लंडनवाला मुलगा तिकडे सकाळ झाली की, म्हणजे बरोबर आमच्या जेवणानंतर, वडिलांच्या गोळ्यांचा फोटो पाठवतो आणि दहा मिनिटांनी खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह.